कुत्र्यावर घेतलेला आळ

"व्हर्टिब्रल आर्टरी डिसेक्शन," न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले आणि हातातला टॅब्लेट सुहासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, समोर धरला. मी स्ट्रेचरवर आडवी होते. मला त्या वेळी दोन टॅब्लेट दिसत होते आणि दोन सुहास.

नंतर नीट दिसायला लागल्यावर मी ते चित्र पाहिलं. मानेतून मेंदूच्या मागच्या भागाकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या असतात. मणक्यांच्या बाजूला भोकं असतात, त्यांतून त्या ओवल्यासारख्या वर जातात. माझ्या उजव्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं होतं. डिसेक्शन म्हणजे हेच. फाटलेल्या जागी रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती सुटून वर मेंदूत जाऊ शकते. माझी एक लहानशी गुठळी गेलीच होती. लहान मेंदूच्या कडेला एक पांढरा ठिपका होता. डॉक्टर त्याला छोटा स्ट्रोक म्हणत होते.

"गर्दन को झटका लगा था?" त्यांनी विचारलं. "किसी ने खींचा हो, मालिश कराई हो, गाड़ी में पीछे से टक्कर?"

"नहीं. साइकिल चला रही थी, कुत्ता सामने आ गया. हाथ पर गिरी."

"गर्दन पर कुछ नहीं?"

"कुछ नहीं."

"हाँ डॉक्टर, कुत्ता ही था," सुहासने माझ्या वतीने ग्वाही दिली. बिचाऱ्याला मी तेच सांगितलं होतं.

कुत्र्याची ही गोष्ट मी सहा दिवसांत चौथ्यांदा सांगत होते आणि ती शंभर टक्के खोटी होती. हे लिहायला घेतलं ते या खोटेपणापायी. दिल्ली, नोएडा, गुडगावच्या रस्त्यांवर पहाटे सायकल चालवणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणी हेच खोटं बोलतात.

मी मूळची चिंचवडची. वय सेहेचाळीस. नोएडात चौदा वर्षं झाली, एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम बघते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. चार वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले म्हणून सायकल घेतली आणि मग गुडघे राहिले बाजूला, मला तिचं वेडच लागलं. सकाळी साडेपाचला निघायचं, एक्सप्रेसवेने पुढे जाऊन परत यायचं. त्या दोन तासांत मला कुणी मीटिंगला बोलावत नाही, डबा मागत नाही. छाती भरून श्वास घेता येतो, अर्थात जेव्हा हवा घेण्यासारखी असते तेव्हा.

आता दुसरी बाजू. या चार वर्षांत मला "आंटी, घर पे बैठो" किती वेळा ऐकवलं गेलं याचा हिशेब नाही. मोकळा रस्ता असताना मुद्दाम अंगाला घासून गाड्या जातात. कानाशी हॉर्न वाजवून आपण दचकलो की आतले लोक हसतात. मोटरसायकलवर मागे बसलेले पाठीवर थापटी मारून जातात, पाठीवर म्हणते आहे ते सभ्यपणाने. एकदा चालत्या गाडीतून माझ्या तोंडावर गुळण्या केलेलं पाणी आलं होतं. मी त्या दिवशी घरी येऊन तोंड तीनदा धुतलं आणि सुहासला सांगितलं, मस्त झाली राइड.

का नाही सांगितलं? कारण सांगितल्यावर काय होतं हे मी बघितलं होतं. आमचा बायकांचा एक ग्रुप आहे. त्यातल्या ज्या ज्या बाईने घरी खरं सांगितलं, तिची सायकल महिन्याभरात बाल्कनीत गेली. घरच्यांची चूक म्हणवत नाही. त्यांना आपली काळजी असते आणि काळजीवर त्यांना एकच औषध माहीत असतं.

म्हणून ग्रुपमध्ये एक पद्धत पडून गेली होती. ती कुणी ठरवली नाही, नव्या बाईला कुणी शिकवलीही नाही, ती आपोआप कळायची. काहीही झालं तरी कुत्रा आडवा आला म्हणायचं. गाडीने कट मारला, कुत्रा. कुणी धक्का दिला, कुत्रा. हॉस्पिटलमध्येही कुत्राच सांगायचा, कारण माणसाचं नाव घेतलं की मेडिको-लीगल केस होते. म्हणजे हॉस्पिटलला पोलिसांना कळवावं लागतं. मग कागद, मग थांबणं, मग 'तुम्ही तिथे काय करत होता'. कुत्र्याला कुणी काही विचारत नाही. नोएडातल्या भटक्या कुत्र्यांवर आम्ही जेवढे आळ घेतले तेवढे नोएडा अथॉरिटीनेही घेतले नसतील.

आता तो रविवार.

सकाळचे साडेसहा वाजले असतील. मी रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने चालले होते. माझ्यामागे थोड्या अंतरावर पूनम होती, माझी ग्रुपमधली मैत्रीण. एक मोठी काळी गाडी हॉर्न देत मागून आली आणि माझ्या शेजारी येऊन तिने वेग कमी केला. डावीकडची खिडकी खाली होती. "मैडम, रेस लगाओगी?" आतून कुणीतरी म्हणालं. मी नेहमीसारखं समोर बघत राहिले. मग एक हात बाहेर आला आणि त्याने हेल्मेटखालून पाठीवर आलेली माझी वेणी धरली.

दोन सेकंद असतील, जास्त नाही. सायकल पुढे चालली होती आणि डोकं मागे उजवीकडे ओढलं गेलं होतं. मला आभाळ दिसलं. मग त्याने सोडलं, हसण्याचा आवाज आला आणि मी डाव्या हातावर पडले.

गाडीचा नंबर मी पाहिला नाही. पूनम सायकल टाकून माझ्याकडे धावली, त्यामुळे तिनेही नाही. आम्ही रिक्षात बसलो, माझं मनगट बटाट्यासारखं सुजत होतं. पूनम रडत होती आणि मी तिलाच धीर देत होते.

"कुत्ता बोलेंगे ना?" तिने नाक पुसत विचारलं.

"और क्या," मी म्हटलं.

इमर्जन्सीत त्यांनी सगळं रीतसर केलं. मनगटाचा एक्स-रे, फ्रॅक्चर, प्लास्टर. डोक्याचा सीटी स्कॅन, तो चांगला आला. मान दुखते का, असंही विचारलं. थोडी, पडल्यामुळे, असं मी म्हटलं. मानेला हिसका बसलाय असं म्हटलं असतं तर त्याच स्कॅनमध्ये मानेच्या धमन्याही बघितल्या गेल्या असत्या. हे मला पुढे कळलं.

सोमवारी मान आखडली होती. मंगळवारी डोक्याच्या मागे उजव्या बाजूला दुखायला लागलं. हे दुखणं नेहमीच्या डोकेदुखीसारखं नव्हतं. एकाच जागी, कुणी आतून अंगठा दाबून धरल्यासारखं. मी गोळी घेतली आणि कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा केल्या.

गुरुवारी दुपारी एका कॉलवर बोलता बोलता खोली फिरली. खुर्ची धरून बसले, उलटी झाली. सुहास गुडगावच्या ऑफिसातून धावत आला आणि संध्याकाळी मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

त्यांनी तपासलं आणि सांगितलं की पडल्यावर असं होऊ शकतं. कानाच्या आत कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात, ते जागचे हलले की गरगरतं. त्यावर उपाय म्हणजे एप्ले मॅन्युव्हर. रुग्णाला आडवं करून, डोकं मागे झुकवून, ठरावीक क्रमाने एकीकडून दुसरीकडे वळवतात, म्हणजे कण परत जागेवर जातात. पुष्कळांना याने लगेच बरं वाटतं.

सुरू करण्याआधी त्यांनी माझ्याकडे बघून स्पष्ट विचारलं, "गर्दन में कोई चोट? कोई झटका? हो तो मैं ये नहीं करूँगा."

सुहास शेजारी उभा होता. मी "नहीं" म्हटलं.

त्या डॉक्टरांना मी आजही दोष देत नाही, कुणी देऊ नये. त्यांनी विचारलं होतं. बाई आपल्या तोंडाने नाही म्हणत असेल तर माणसाने काय करावं?

त्यांनी एकदा केलं आणि घरी दोन-तीन वेळा करायला सांगितलं, चित्रं काढलेला कागद दिला. शुक्रवारी सकाळी सुहासने तो कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. माझ्या दोन्ही कानांवर तळवे ठेवून, काचेचं भांडं धरावं तसं माझं डोकं धरून, त्याने कागदावर लिहिलं होतं तसं सगळं केलं. सेकंद मोजत होता. मध्येच विचारत होता, "दुखतंय का गं?" एकदा झालं, पाच मिनिटं थांबून दुसऱ्यांदा झालं.

दुसऱ्यांदा उठून बसायला गेले आणि बसताच येईना. उजवीकडे कोसळत होते. चेहऱ्याची उजवी बाजू दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर होते तशी बधिर होती. उजवी पापणी खाली आली होती. सुहासला हाक मारली तर घशातून भलताच घोगरा आवाज निघाला. तो आवाज ऐकून आमची मुलगी ईरा दारात येऊन उभी राहिली आणि तिने किंकाळी फोडली.

तिथून पुढचं, स्ट्रेचर आणि दोन टॅब्लेटपर्यंतचं, तुम्हाला सांगितलंच आहे.

मला हाय डिपेंडन्सी युनिटमध्ये ठेवलं. म्हणजे आयसीयूच्या एक पायरी खाली. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन शिरेतून सुरू झालं. पाणी प्यायच्या आधी चमच्याने घोट देऊन बघायचे, गिळता येतंय की ठसका लागतोय. पलंगाला कठडे लावले होते. दर दोन तासांनी कुणीतरी येऊन डोळ्यांत उजेड पाडायचं, हात वर धरायला सांगायचं, नाकाला बोट लावायला सांगायचं. माझं बोट नाकाऐवजी गालाला लागायचं. मी, जी टीममधल्या पोरांना स्पेलिंगच्या चुकांवरून बोलते, तिला स्वतःचं नाक सापडत नव्हतं.

आणि एवढं होऊनही मी खरं सांगितलं नाही. आता सांगितलं तर सायकल कायमची गेली, हाच विचार डोक्यात होता. मेंदूत गुठळी घेऊन पडलेली बाई सायकलचा विचार करत होती. हसा हवं तर, पण तसंच होतं.

शनिवारी राउंडला न्यूरॉलॉजिस्ट आले. ते विचारात पडलेले दिसले.

"इतनी छोटी बात पर नस फटी है, तो देखना पड़ेगा कि नसों की बनावट ही कमज़ोर तो नहीं," ते सुहासला म्हणाले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, कनेक्टिव टिशू डिसऑर्डर. शरीराला आतून बांधून ठेवणारे तंतूच कच्चे असण्याचा आजार, तो रक्तातून पुढच्या पिढीत जाऊ शकतो. "बच्चे हैं? एक बेटी? ठीक है, पहले इनके टेस्ट देखते हैं, फिर शायद बेटी के भी कराने पड़ें."

सुहासने मोबाइलमध्ये ते नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.

ते गेल्यावर त्यांची ज्युनिअर डॉक्टर मागे राहिली. पंचविशीतली असेल, डोळ्यांखाली काळं, केसांत पेन खोचलेलं. आमचं बोलणं तिने ऐकलं होतं. "तुम्ही मराठी ना? मी नांदेडची," ती म्हणाली आणि मागचे केस बाजूला सारून माझी मान तपासायला लागली. "काकू, इथले केस कसे गेले? खपली धरलीय."

काकू म्हटल्याचा राग त्याही अवस्थेत आला. "हेल्मेटचा पट्टा," मी म्हटलं.

"पट्टा तर हनुवटीखाली असतो ना?"

मी डोळे मिटून घेतले. तिला दुसऱ्या पलंगावरून बोलावणं आलं आणि ती गेली.

दुपारी भेटीच्या वेळेत ईरा आली. सोळा वर्षांची आहे, शाळेच्या टीमकडून बास्केटबॉल खेळते, घरात सगळीकडे तिचे बूट पडलेले असतात. ती पलंगाच्या कडेला बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, मी गूगल केलं. ते टिशूवालं. मला पण असू शकतं ना?"

"तसं काही नसतं गं."

"नाही, असू शकतं, फिफ्टी-फिफ्टी लिहिलंय. आणि मग कॉन्टॅक्ट स्पोर्ट बंद करतात." ती नखं कुरतडत होती. "मतलब, ठीक आहे. मी कोचला आत्ताच सांगून टाकते की नाही येणार. नंतर अचानक सोडण्यापेक्षा बेटर ना? तुझं बघून मला भीती वाटते यार."

माझी सायकल वाचावी म्हणून मी खोटं बोलले होते आणि त्या खोट्यापायी माझी मुलगी तिचा खेळ सोडायला निघाली होती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"बाबांना आत बोलव," मी म्हटलं. "आणि त्या नांदेडच्या डॉक्टरना पण."

दोघं आले. मी कठड्याला धरून उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग आडवी पडूनच बोलले. "डॉक्टर, लिहून घ्या. कुत्रा नव्हता. गाडीतल्या माणसाने माझी वेणी धरून ओढली. मान मागे आणि उजवीकडे गेली. रविवारी सकाळी. केस तेव्हाच गेले."

ती डॉक्टर लगेच लिहायला लागली. किती जोरात, किती वेळ, तेव्हा लगेच दुखलं का, असे पाच-सहा प्रश्न तिने विचारले आणि मी एकेक उत्तर दिलं. ईराने तोंडावर हात धरला होता.

सुहासला गाडीवाल्याचा संताप येईल, मग माझा येईल, मग तो सायकलबद्दल बोलेल, असं मी धरून चालले होते. उत्तरंही तयार होती. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाला, "मी तुझी मान वळवली."

"सुहास, तुला माहीत नव्हतं."

"दोनदा वळवली. तिथे त्या डॉक्टरने विचारलं होतं, मी शेजारी होतो. तू नाही म्हणालीस आणि मी घरी आणून माझ्या हाताने दोनदा वळवली." एवढं बोलून तो बाहेर गेला. ईरा त्याच्यामागे धावली.

नांदेडच्या मुलीने माझा खांदा थोपटला आणि म्हणाली, "काकू, बरं केलंत सांगितलंत." या वेळी काकू ऐकून मी रडले.

न्यूरॉलॉजिस्टनी जनुकांच्या तपासण्या रद्द केल्या. हिसका एवढा असेल तर धमनी कुणाचीही फाटते, तुमच्या मुलीने खुशाल खेळावं, असं त्यांनी ईराला स्वतः सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मैडम, ये पहले दिन बताना था. हम बीमारी देखकर नहीं, पहले आपकी बात सुनकर चलते हैं."

मेडिको-लीगल केस झाली. एक वयस्क हवालदार आले, खुर्ची ओढून बसले, नंबर विचारला, रंग विचारला, किती माणसं होती ते विचारलं. मला रंगापलीकडे काही सांगता येईना. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि जाताना म्हणाले, "उसी दिन बतातीं तो टोल के कैमरे में मिल जाता शायद." तो माणूस आजवर सापडलेला नाही. तो कुठेतरी मजेत असेल आणि आपण काय केलं हे त्याला ठाऊकही नसेल, हे आठवलं की अजून माझ्या अंगाची आग होते.

नऊ दिवसांनी घरी आले. फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज यायची. एका पावलापुढे दुसरं पाऊल जोडून सरळ रेषेत चालायचं, फरशीच्या जोडावरून. मी उजवीकडे कलायचे आणि भिंतीला धडकायचे. वाचताना ओळी हलायच्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने, तीन महिन्यांनी पुन्हा एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआयच्या यंत्रातूनच धमन्यांचं चित्र काढणं. तोवर जड उचलायचं नाही, मान झटक्याने वळवायची नाही, सायकलचं नाव काढायचं नाही.

संध्याकाळी सोसायटीत फेऱ्या मारायचे. गेटवरचे वॉचमन यादवजी रोज तब्येत विचारायचे. ते आठ-नऊ किलोमीटरवरून सायकलने कामाला येतात, हे मी चार वर्षं बघत होते. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला कुणी त्रास देतं का रस्त्यात. ते हसले. पँट वर करून त्यांनी पोटरीवरचा लांब व्रण दाखवला, मग कोपर दाखवलं. "मैडम, आप शौक में गाली खाती हैं, हम नौकरी में. हमें कोई घर बैठने को भी नहीं कहता." चार वर्षांत हा प्रश्न विचारावा असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

महिनाभराने डोळे स्थिर झाल्यावर मी ग्रुपवर सगळं लिहिलं. वेणी, कुत्रा, एप्ले, गुठळी, सगळं. मग एकीने लिहिलं, 'मेरा भी कुत्ता नहीं था.' मग दुसरीने. एक केरळची बाई आहे, तिने दोन वर्षांपूर्वी कॉलरबोन मोडल्यावर कुत्र्याचा रंगसुद्धा सांगितला होता, तिनेही तेच लिहिलं. त्या संध्याकाळी सात जणींचे कुत्रे नव्हते. दोघींना त्यानंतर घरून बंदी आली. त्या दोघी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

तीन महिन्यांनंतरच्या चित्रात धमनी भरून आली होती. रेघ सरळ, सलग. डॉक्टर खूश झाले. मी सायकलचं विचारलं. सुहास शेजारी बसला होता आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"गोलियाँ पूरी होने के बाद चलाइए. शरीर की तरफ़ से मनाही नहीं है," डॉक्टर म्हणाले. "कोई दोबारा खींच ले, उसकी गोली मेरे पास नहीं."

गाडीत मी सुहासला म्हटलं, तू नको म्हणालास तर मी ऐकून घेईन. हे मी अर्धवट मनाने म्हटलं होतं, कबूल करते. त्याने सिग्नलला गाडी थांबवली आणि म्हणाला, "मी नको म्हणणार नाही. नको म्हटलं की तू पुन्हा कुत्रे आणशील. चालव. फक्त घरी आल्यावर जे झालं ते सगळं सांगायचं. मला ऐकवत नसलं तरी."

गोळ्या संपल्या आणि मी पुन्हा सुरू केलं. एक्सप्रेसवे सोडला, आता सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांनी जाते, तिघी मिळून, पूनमही असते. केस कापले नाहीत. वेणी जर्सीच्या आत घालते आणि रोज सकाळी ती आत घालताना चिडते. मागून गाडीचा आवाज आला की ब्रेक आपोआप दाबले जातात. दोनदा तर उतरून फूटपाथवर बसले. मग कशाला चालवतेस, असं आई चिंचवडहून फोनवर विचारते. हट्ट आहे का? असेल. पण मी घरी बसले तर तो रस्ता त्या हाताचा झाला, आणि ते मला सोसणार नाही. शिवाय मला सायकल आवडते हो, एवढं साधं कारण पुरेसं का नसावं?

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढंच करा. मानेला हिसका बसला असेल तर पहिल्या डॉक्टरला, पहिल्या तासात सांगा. डोक्याच्या एकाच बाजूला नव्याने दुखणं, चक्कर, दोन-दोन दिसणं, पापणी उतरणं, यातलं काहीही आलं तर घरी थांबू नका. घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. डॉक्टरला मात्र खरंच सांगा. त्या नांदेडच्या मुलीने केसांत हात घालून बघितलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. पण तिने विचारेपर्यंत थांबायची वेळ येऊ देऊ नका.

सुहासला दिलेला शब्द मी पाळते. परत आले की तो चहा टाकतो आणि विचारतो, "आज?" मी सांगते. आज एक शिवी. आज एकाने गाडीचं दार उघडल्यासारखं केलं. आज मोटरसायकलवाले दोघं बराच वेळ मागे होते. तो ऐकतो, एकदोनदा न खाताच ऑफिसला गेला.

परवा रविवारी हवा छान होती. रस्ता मोकळा होता, एक ट्रकवाला तर चक्क थांबून आम्हा तिघींना पुढे जाऊ देऊन मग निघाला. मी घामेजून, खुशीत घरी आले.

"आज?" सुहासने विचारलं.

"आज काहीच नाही झालं."

त्याने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे बघत राहिला. "नक्की?"

"नक्की. खरंच काही नाही."

त्याने मान हलवली, कप माझ्यापुढे ठेवला आणि मी शॉवरला गेल्यावर पूनमला फोन केला. दारातून त्याचा आवाज येत होता. तो तिला हळूच विचारत होता, आज खरंच काही झालं नाही ना. मी नळ बंद करून तशीच उभी राहिले. त्याचा फोन संपेपर्यंत बाहेर आले नाही.